सेल मारण्याआधी

रोटरी इंजिनाची गाडी बरीच वर्षं उभी असली, की मालकाची पहिली इच्छा ठरलेली असते: नवी बॅटरी लावू, थोडं ताजं पेट्रोल ओतू आणि सेल मारून बघू. मी ती बॅटरी उचलून फडताळावर ठेवते. पिस्टनच्या जुन्या इंजिनाला ही घाई पुष्कळदा पचते. रोटरीला पचत नाही. का पचत नाही हे समजून घेतल्याशिवाय या गाडीला पाना लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

सध्या माझ्याकडे आहे ती माझदा आरएक्स-७. १९८८ सालची, दुसऱ्या पिढीची, टर्बो नसलेली. डेट्रॉईटच्या एका उपनगरात, घराला लागून असलेल्या गॅरेजात, कापडाखाली उभी होती. नंबर प्लेटवरचा स्टिकर २००९ चा. टायरच्या कडेवर ३२०४ हे आकडे, म्हणजे २००४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात बनलेले टायर. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून हौसेची गाडी नोव्हेंबरात आत जाते ती एप्रिलात बाहेर येते. ही एका एप्रिलात बाहेर आलीच नाही. मालकाला मुलं झाली, मग गुडघे धरले, मग बॉनेटवर खोकी रचली गेली. एका वर्कशॉपने तर प्लगसुद्धा न काढता ‘इंजिन गेलं’ असा निकाल देऊन टाकला होता. अशा निकालांची मला चीड येते. हे इंजिन मुळातच कच्चं, असं ज्यांनी मनाशी धरलेलं असतं ते तपासायचे कष्ट घेत नाहीत.

ज्यांनी रोटरी इंजिन खोललेलं पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. यात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर असतो आणि तो ज्या पोकळीत फिरतो तिचा आकार दोन दाण्यांच्या भुईमुगाच्या शेंगेसारखा, मध्ये किंचित आवळलेला. फिरताना रोटरची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली राहतात, त्यामुळे त्याच्या भोवती तीन कप्पे तयार होतात. प्रत्येक कप्पा जागा बदलताना लहान-मोठा होतो आणि तेवढ्यातच पेट्रोल-हवा ओढणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं उरकतं. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, कनेक्टिंग रॉड नाही. रोटर एकदा फिरतो तेवढ्यात शाफ्ट तीनदा फिरतो. या गाडीतल्या १३बी इंजिनात असे दोन रोटर, प्रत्येकाच्या वाट्याला ६५४ सीसी, मिळून १३०८ सीसी आणि १४६ अश्वशक्ती. पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे बसेल एवढंसं इंजिन; म्हणून तर ही गाडी वळणावर इतकी तोलात राहते.

सगळा भार सीलवर. रोटरच्या प्रत्येक टोकाला एक एपेक्स सील, दोन मिलिमीटर जाडीची पट्टी, तिच्यामागे पात्याची स्प्रिंग. दोन्ही अंगांना कमानीसारख्या साइड सील, कोपऱ्यांत बारीक गोल कॉर्नर सील. पिस्टनच्या रिंगा करतात ते काम इथे या पट्ट्या करतात, आणि या इंजिनाचा इतिहास म्हणजे बहुतांशी याच पट्ट्यांचा इतिहास आहे.

फेलिक्स वांकेलची कल्पना जर्मनीच्या एनएसयू कंपनीत १९५७ साली प्रत्यक्ष फिरली. त्याच्या मूळ रचनेत आतला रोटर आणि बाहेरची पोकळी दोन्ही फिरत होत्या. बाहेरचं कवच स्थिर ठेवून ती व्यवहारात आणली हान्स डीटर पाश्के या इंजिनिअरने. एनएसयूची आरओ ८० ही १९६७ ची देखणी गाडी सील झिजण्यापायी वॉरंटीच्या खर्चात बुडाली, आणि १९६९ मध्ये कंपनी फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. हिरोशिमात माझदाच्या लोकांनाही तोच त्रास झाला. थोडा वेळ इंजिन चालवलं, की आतल्या गुळगुळीत भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठत. त्यांना तिथले इंजिनिअर सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. केनिची यामामोतो आणि त्यांच्या हाताखालचे ४७ जण त्यामागे लागले. सील भिंतीवर थरथरते, तिच्या कंपनाची जात बदलली पाहिजे, हे त्यांनी शोधलं. आणि पहिल्या कॉस्मो स्पोर्टसाठी ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची सील बनवली. ती गाडी १९६७ ची. पुढे हेच यामामोतो माझदाचे अध्यक्ष झाले. १९९१ साली चार रोटरच्या ७८७बी गाडीने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. चोवीस तास पूर्ण वेगाने टिकलेल्या रचनेला कच्ची म्हणणं मला पटत नाही.

मी जिथे राहते त्या डेट्रॉईटलाही या इंजिनाची ओढ लागली होती, हे आज फारसं कोणाला आठवत नाही. जनरल मोटर्सने १९७० मध्ये पाच कोटी डॉलरला परवाना घेतला होता. पेट्रोलची टंचाई आली, या इंजिनाची तहान आणि धूर दोन्ही अडचणीचे ठरले, आणि १९७४ मध्ये काम थांबलं. त्या इंजिनाच्या भरवशावर आखलेली एएमसी पेसर मग साध्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर रस्त्यावर आली. तहानेबद्दल माझी तक्रार नाही. लांबट, सरकत्या कप्प्यात उष्णता भिंतींना जास्त जाते आणि पेट्रोल पुरतं जळत नाही. ते या आकाराबरोबर येतंच.

आता उभ्या गाडीचं. या पिढीतल्या इंजिनाचं धूर जाण्याचं दार कवचाच्या भिंतीतच असतं आणि त्याला बंद करणारा व्हॉल्व्ह नसतो. रोटर कुठेही थांबला तरी कुठला तरी कप्पा सायलेन्सरकडे उघडा राहतो. मिशिगनचा दमट उन्हाळा त्या वाटेने थेट आत येतो. बाजूच्या भिंती बिडाच्या असतात, त्यांना गंज धरतो. जुनं तेल आणि काजळी खाचेत वाळून सील जागच्या जागी चिकटते. त्यात सेल मारला, की स्टार्टर शाफ्टला मिनिटाला अडीचशे फेरे देतो, म्हणजे रोटरला जेमतेम त्र्याऐंशी. एवढ्या गतीत चिकटलेली सील बाहेर येत नाही. दाब तयार होत नाही, इंजिन पेटत नाही, पण इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतात. ते पेट्रोल भिंतीवरचं उरलंसुरलं तेल धुऊन नेतं, मग होता तेवढाही दाब जातो. कोरड्या भिंतीवर, गंजाच्या कणांसकट, सील घासत राहते. बरं होऊ शकणारं इंजिन याच वेळी कायमचं जातं.

म्हणून मी आधी हाताने फिरवते. प्रत्येक रोटरला दोन प्लग असतात, खालचा आधी पेटणारा, वरचा मागून. वरच्याचं भोक आतून मुद्दाम अगदी बारीक ठेवलेलं असतं, म्हणून कामाचा खालचा. दोन्ही रोटरचे खालचे प्लग काढायचे, पुढच्या पुलीच्या बोल्टवर १९ चा सॉकेट बसवायचा, लांब दांडा लावायचा आणि समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने सावकाश दाब द्यायचा. अडलं तर थांबायचं. जोर कधीच लावायचा नाही. ही गाडी पहिल्या दिवशी पाव फेरा फिरली आणि अडली. मी प्रत्येक भोकातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल थोडंसं सोडलं आणि घरी जेवायला गेले.

माझ्या मदतीला ठाण्याचा एक मुलगा येतो. इथे मास्टर्स करून एका पार्ट्सच्या कंपनीत लागला आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं, ‘काकू, आज सेल मारायचा का?’ म्हटलं, ‘नाही रे बाळा. आधी ती फिरू दे. मग ऐकू.’ त्याला वाटलं मी टाळते आहे. मग त्याला दांडा दिला आणि कान प्लगच्या भोकाशी न्यायला लावला.

कारण हे इंजिन पेटण्याआधी बोलतं. शाफ्टच्या एका फेऱ्याला प्रत्येक रोटरचा एक कप्पा भोकासमोरून दाबाखाली जातो आणि फुस्स असा आवाज येतो. तीन फेऱ्यांत तिन्ही कप्पे होऊन जातात. तिन्ही आवाज सारखे आले तर ठीक. लागोपाठचे दोन मंद आले तर एपेक्स सीलवर संशय, कारण एक एपेक्स सील दोन शेजारच्या कप्प्यांमधली भिंत असते. ती गळाली की दोघांचा दाब जातो. एकच मंद आला तर बहुधा साइड सील, कारण ती फक्त आपल्या कप्प्याची असते. खोलल्याशिवाय, फक्त दांडा आणि कान यांवर एवढं कळतं. माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात इंजिनाचे ब्लॉक बोअर करत. तेही मोजमापाआधी हात फिरवून बघत. ती सवय तिथून आली असावी.

आमच्या गाडीत पुढचा रोटर दोन-तीन आठवड्यांत मोकळा झाला. मागच्याचे दोन आवाज भरदार आणि एक पोकळ. म्हणजे एपेक्स सील शाबूत, एक साइड सील काजळीत अडकलेली. मला हायसं वाटलं. अडकलेली सील भिजवून सुटते, मोडलेली सुटत नाही. तेल सोडायचं, एक फेरा देऊन पुढचा कप्पा समोर आणायचा, त्यात सोडायचं, रात्रभर ठेवायचं. संध्याकाळी कामावरून येऊन दहा मिनिटं दांडा फिरवायचा, बस. यात वेगळं कसब लागत नाही, चिकाटी लागते. कधी तरी एका संध्याकाळी तो पोकळ आवाज भरला. त्या मुलाला माझ्या आधी ऐकू आला.

बाकीची कामं कुठल्याही उभ्या गाडीत असतात तीच. ब्रेक ऑइलने पाणी ओढलेलं, कॅलिपर जाम, क्लचचा खालचा सिलिंडर गळका, हीटरच्या डब्यात उंदरांचं घरटं. पेट्रोलचा वास व्हार्निशसारखा झालेला. टाकी रिकामी करून धुतली, पंप बदलला, इंजेक्टर साफ करून आणले. एका गोष्टीवर मात्र मी अडून बसते. या गाडीत खालच्या इंजेक्टरच्या नळीवर पेट्रोलचा धक्का शोषणारा एक डॅम्पर असतो. त्याचा पडदा जुना झाला की पेट्रोल गरम इंजिनावर झिरपतं, आणि अशा गाड्या जळालेल्या आहेत. तो चांगला दिसला तरी बदलायचा, आणि त्याच्यासोबत पेट्रोलचे सगळे रबरी पाइपही. यात पैसे वाचवू इच्छिणाऱ्या मालकाची गाडी मी घेत नाही.

तेलाचंही तसंच. हे इंजिन जाणूनबुजून तेल जाळतं. एक छोटा पंप क्रँककेसमधलं तेल बारीक नळ्यांतून कप्प्यात सोडतो, सील ओली राहावी म्हणून. या वर्षीच्या गाडीत तो पंप थ्रॉटलला दांडीने जोडलेला आहे. नळ्या प्लॅस्टिकच्या, इतक्या वर्षांत काडीसारख्या मोडतात. त्या बदलल्याच, शिवाय मालकाला पेट्रोलमध्ये थोडं टू-स्ट्रोक तेल मिसळायला सांगितलं. इथल्या लोकांना ते विचित्र वाटतं. जिने बजाजच्या स्कूटरवर कॉलेज केलं आणि पंपावर दरवेळी तेल मारून घेतलं, तिला काय विचित्र वाटणार?

मग बॅटरी फडताळावरून खाली आली, पण पेट्रोलचा फ्यूज काढूनच. प्लग बाहेर ठेवून सेल मारला, आत उरलेलं लाल तेल फवाऱ्यासारखं उडालं, डॅशबोर्डवरचा तेलाच्या दाबाचा काटा हलला. त्यानंतर तिन्ही कप्पे वेगळे मोजणारं मीटर लावलं. माझदाच्या पुस्तकात अडीचशे फेऱ्यांना किमान ६.० किलो प्रति चौरस सेंटिमीटर हवे, आणि कप्प्याकप्प्यांत फरक १.५ पेक्षा जास्त नको. पुढचा रोटर ६.६, ६.७, ६.५. मागचा ६.४, ६.५, ६.१. नव्या इंजिनाचे आकडे साडेआठच्या आसपास असतात, तेव्हा हे इंजिन तरुण नाही. पण ते गेलेलंही नाही, आणि खोलायची गरज तर मुळीच नाही. मालकाला फोन करून मी हे आकडे वाचून दाखवले, तेव्हा पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

खाली ७ नंबरचे, वर ९ नंबरचे नवे प्लग लावले, फ्यूज बसवला. दुसऱ्या सेलला ती पेटली. जिरलेलं लाल तेल जळून पांढऱ्या धुराने गल्ली भरली, शेजारच्या आजी दार उघडून बघू लागल्या, आणि धूर विरल्यावर तो एकसारखा, कंप नसलेला गुंजारव राहिला. त्यासाठी मी हे काम करते.

आता एक विनंती, ज्यांच्या दारात अशी गाडी आहे त्या सर्वांना. मग तुम्ही न्यू जर्सीत असा, सिडनीत असा वा पुण्यात. ती जपून ठेवू नका, चालवा. बाहेर काढाल तेव्हा इंजिन पुरतं तापेपर्यंत फिरवा आणि तापल्यावर एकदा तरी काटा सहा हजारांच्या पुढे न्या, म्हणजे काजळी सुटते. दर वेळी टाकी भरताना तेल तपासा. आणि नुसती आतून बाहेर हलवायला म्हणून गाडी चालू करून लगेच बंद करू नका. तेवढ्यासाठी ती ढकला, ती हलकी आहे.