जटपुरा गेटच्या आत

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईत चित्रांची पोस्टकार्डं निघाली. क्लिफ्टन कंपनीनं इमारतींची काढली, धुरंधरांनी माणसं रंगवली, आणि अख्खी मुंबई टपालाच्या पिशवीत बसून बोटीनं दूर दूर निघाली. जुन्या बाजारांत अशी कार्डं चाळताना माझी बोटं आमचा चांदा शोधत असतात. अजून हाती लागलेला नाही.

आमच्याकडे यायचं ते साधं, पिवळट कार्ड. पाव आण्याला १८७९ साली निघालेल्या त्या पहिल्या कार्डाचं गरीब नातवंड. अहेरीहून आत्या धाडायची. पावसाळ्यात आष्टीला वैनगंगा पुलावरून वाहू लागली की डाक अडायची, आणि मग कधीतरी ओल खाल्लेलं, शाई फुटलेलं कार्ड ओसरीवर येऊन पडायचं. इकडील सर्व कुशल.

चित्र त्या कार्डावर नव्हतं असं तरी कसं म्हणू? ते पत्त्यात होतं. जटपुरा गेटच्या आत, एवढं आत्यानं वळणदार अक्षरात लिहिलं की डोळ्यांपुढे उभी राहायची ती गोंड राजांची कमान, तिच्यावरचा हत्तीला नमवणारा सिंह, खालून घंटा वाजवत जाणारे रिक्षे, आणि तिथून दोन्ही अंगांना पसरत पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर अशा वेशी गुंफत सगळ्या गावाला कवेत घेणारा, इरई-झरपटचे पूर छातीवर झेललेला, शेवाळलेला परकोट. तिकीट एका कोपऱ्यात, किल्ला उरलेल्या जागेत.

खरं सांगायचं तर चांद्याचं चित्रकार्ड मला खोटंच वाटलं असतं. त्या कार्डांवरचं आभाळ निळं असतं. आमचं मे महिन्यातलं आभाळ राखेसारखं पांढरं, तापलेलं. राणी हिराईनं बिरशहासाठी बांधलेली समाधी त्या उन्हात डोळे मिटून बसल्यासारखी दिसते, आणि हात लावला तर दगड संध्याकाळ उलटून गेल्यावरही कढत लागतो. ही ऊब कुठला छापखाना छापणार? चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून आलेल्या बायकांच्या ओल्या लुगड्यांचा वास तर सोडाच.

१९६४ साली चांद्याचं चंद्रपूर झालं, १९८२ साली आत्याची अहेरी गडचिरोली जिल्ह्यात गेली. आत्या मात्र ‘जि. चांदा’च लिहीत राहिली, आणि पोस्टमनकाका न कुरकुरता कार्ड आणत राहिले. रेल्वेनं तरी कुठं पुरतं ऐकलं? एका स्टेशनावर अजून चांदा फोर्टच आहे.

प्रत्येक कार्डाच्या शेवटी, जागा संपत आलेली असताना, बारीक अक्षरात तिचा एकच प्रश्न असे: परकोटावरचा पिंपळ आहे ना? माहेर म्हणजे तिला तो पिंपळ होता. त्याच्या सावलीत ती सागरगोटे खेळली होती. आणि त्याचीच मुळं दगडादगडांत शिरून भिंत उकलत होती.

२०१७ साली इको-प्रो संस्थेच्या पोरांनी परकोट साफ करायला घेतला. झुडपं निघाली, बुरूज मोकळे झाले, लोक वर चढून फिरू लागले. फार चांगलं काम झालं, यात शंका नाही. आत्या तेव्हा असती तर मी तिला पिंपळ आहे असंच कळवलं असतं.