कागदाचा वाटा

पांढऱ्या कागदावर सगळी सावली चित्रकाराला स्वतः आणावी लागते. करड्या किंवा मातकट कागदावर अंगाची मधली छटा आधीच हजर असते. कोळशाने सावली बसवायची, खडूने उजेड चढवायचा आणि या दोहोंमधली त्वचा कागदावर सोपवायची. मानवाकृती काढताना सगळ्यांत अवघड असतं ते हे सोपवणंच.

मॉडेल पोझमध्ये स्थिरावलं की मी डोळे किलकिले करते. बारकावे विरून जातात. उरतात दोनच प्रदेश, उजेडातला आणि सावलीतला. त्यांची सीमा खांद्यावरून बरगड्यांवर, तिथून कमरेच्या खळगीत आणि मांडीवर उतरते. ती विलोच्या काडीच्या कोळशाने आखायची. हा कोळसा फडक्याने सहज झटकला जातो, म्हणून प्रमाणं पक्की होईपर्यंत तोच बरा. काँप्रेस्ड चारकोल मात्र कागदात घट्ट बसतो, सहजी पुसत नाही. तो काखेतल्या किंवा टाचेखालच्या अगदी गडद जागांसाठी राखायचा.

सावलीही सगळीकडे सारखी नसते. गोलाईवर ती सीमेलगत दाट असते, आणि बैठकीवरच्या चादरीवरून परतलेला उजेड पोटरीची कड किंचित फिकी करतो. भोवतीच्या काळ्यामुळे हा परतीचा उजेड आहे त्याहून झगझगीत भासतो. त्याला भुलून तिथे रबर जास्त चालवला, की पोटरीची गोलाई गेली. सावलीतली ती कड उजेडातल्या मधल्या छटेपेक्षा गडदच राहायला हवी.

पांढरा खडू शेवटी: कपाळ, खांद्याचं टोक, गुडघ्याची वाटी. खडू कोळशात मिसळला की थंड, निळसर राखाडी रंग येतो आणि त्वचा निस्तेज होते. म्हणून दोघांमध्ये कागदाची पट्टी मोकळी हवी.

जर्मन चित्रकार ड्यूररने १५०८ मध्ये काढलेले जोडलेले हात व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहेत. तिथे माध्यम शाई आणि ब्रश, पण बोटांची मधली छटा कागदावरच्या निळ्या थराचीच आहे. फ्रेंच चित्रकार प्रुदाँ (१७५८-१८२३) याने निळ्या कागदावर काळ्या-पांढऱ्या खडूने काढलेल्या नग्नाकृतींतही अंगाला जिवंतपणा येतो तो या राखलेल्या निळ्यामुळे.

म्हणून शिकणाऱ्यांच्या हाती मी सुरुवातीला खडू देतच नाही. आधी फक्त कोळसा आणि कागद यांतून छाती, पोट, मांडी उभी राहू दे, असं सांगते. तेवढं जमलं, की खडूसाठी फार थोड्या जागा उरतात आणि त्या कोणत्या, हे त्यांचं त्यांनाच दिसू लागतं.