मोत्याची खाज आणि आमचे उपाय

आमच्या वाशीमच्या घरीं देवघरांत श्रीदत्तात्रेयांची जुनी तसबीर आहे. श्रीनृसिंहसरस्वतींचें जन्मस्थान कारंजें आमच्याच जिल्ह्यांत, तेव्हां दत्तभक्ति घरांत पिढीजात. तसबिरींत दत्तांच्या पायांशीं चार श्वान आहेत. ते चार वेद होत, असें आम्हीं नातवंडांस अनेकदां सांगितलें आहे. त्याच घरांतून एका श्वानास गांवाबाहेर सोडून देण्यास आम्हीं एके दिवशीं संमति दिली. गोष्ट भूषणाची नाहीं. पण आमच्या चुकीवरून एखाद्या घरचें मुकें जनावर वांचलें तर सांगितल्याचें सार्थक होईल, म्हणून लिहीत आहों.

मोत्या जातीनें गांवठी. पांच वर्षांपूर्वीं पावसांत भिजत ओसरीवर आला आणि राहिला. गेल्या भाद्रपदांत तो अंग खाजवूं लागला. प्रथम कानांच्या कडा, मग कोपरें, मग पोट. केस झडले, कातडी जाड होऊन तिच्यावर खपल्या धरल्या. रात्रभर त्याचा पाय फरशीवर आपटत राही. घरांत कोणास झोंप नसे.

संस्कृत शिकलेल्या माणसास आपणांस थोडेंबहुत वैद्यकहि कळतें असें वाटत असतें. चरकानें नक्तमाल, म्हणजे आपला करंज, कण्डूघ्न द्रव्यांत गणला आहे, एवढें आम्हांस ठाऊक होतें. तेवढ्या आधारावर आम्हीं करंजेलांत गंधक खलून ८ दिवस मोत्याच्या अंगास चोळलें. गुण येईना, तेव्हां कोणी सांगितलें म्हणून रॉकेल लावलें. शेवटीं फिनेलच्या पाण्यानें त्यास न्हाऊं घातलें. कातडी भाजल्यासारखी लाल झाली. अंग चाटून त्याच्या पोटांत तें विष गेलें व तो ओकूं लागला. जो आमच्या पायांशीं झोंपे, तो आमच्या हातांत तेलाची वाटी दिसतांच तुळशीवृंदावनामागें दडूं लागला.

इतक्यांत धाकट्या नातवाच्या दंडांवर व पोटावर बारीक लाल पुरळ उठलें. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, मोत्या मला नकोसा नाहीं. पण बाळ रात्रभर रडतो आहे. मी काय करूं?” ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सकाळीं मोत्यास गांवाबाहेर सोडावें असें ठरलें व आम्हीं मान हलविली.

त्या रात्रीं नित्याप्रमाणें भारत उघडलें. आदिपर्वांत सरमेची कथा आली. जनमेजयाच्या सत्रापाशीं आलेल्या तिच्या पिल्लास राजाच्या भावांनीं झोडपलें. त्यानें हविष्याकडे पाहिलें नव्हतें, कीं तें चाटलेंहि नव्हतें. सरमा येऊन विचारते, “ह्याचा अपराध काय?” आणि त्यांतल्या एकाच्यानेंहि उत्तर देववत नाहीं. ही कथा आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविली असेल! त्या रात्रीं मात्र पुढचें पान उलटवेना.

उजाडतांच मोत्यास रिक्षांत घालून पशुवैद्यकीय दवाखाना गांठला. डॉक्टर आमचेच जुने विद्यार्थी निघाले. त्यांनीं पात्याच्या कडेनें कातडी थोडी खरवडली, ती कांचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं धरली आणि आम्हांस पाहावयास सांगितलें. आंत एक वाटोळा, आंखूड पायांचा किडा वळवळत होता.

“गुरुजी, खाज हें लक्षण आहे, रोग नव्हे,” ते म्हणाले. “हा खरजेचा किडा कातडींत बोगदा करून अंडीं घालतो. खाज पिसवांनीं येते, गोचिडांनीं येते, बुरशीनें येते, अन्न न मानवल्यानेंहि येते. प्रत्येकाचें औषध निराळें. आपणच आम्हांस सांगत होतां ना, कीं आधीं प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा?”

आम्ही खालीं पाहूं लागलों. त्यांनीं मोत्याचें वजन करून त्या मानानें औषध दिलें व ठरल्या दिवशीं पुन्हां आणण्यास बजावलें. गंधकानें हा किडा मरतो हें खरें, पण तें योग्य प्रमाणांत द्यावें लागतें, अंदाजानें नव्हे. नातवाविषयीं ते म्हणाले, हा किडा माणसास चावतो, परंतु माणसाच्या अंगावर त्याचा वंश टिकत नाहीं. मोत्या बरा झाला कीं बाळाची खाज जाईल. तरीहि त्यास मुलांच्या डॉक्टरांस दाखवावें. तसेंच झालें. कांहीं आठवड्यांत दोघेहि बरे झाले.

त्या दिवसापासून आमच्या घरीं जे नियम चालतात ते वाचकांच्या उपयोगीं पडतील. पिसवांची अंडीं कुत्र्याच्या अंगावरून गळून अंथरुणांत व फटींत पडतात. गोचिडाची मादी भिंतीच्या भेगेंत शिरून हजारों अंडीं घालते. म्हणून मोत्याचें अंथरूण आम्ही दर आठवड्यास कढत पाण्यांत धुवून उन्हांत वाळवितों, व जुन्या भिंतींच्या भेगा बुजविल्या आहेत. रोज संध्याकाळीं त्याचे कान, बोटांच्या बेचकी व जांघा पाहतों. गोचीड दिसल्यास चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढतों. बोटानें चिरडीत नाहीं, कारण त्यापासून कुत्र्यास घातक ताप येतात. माणसांचा साबण कुत्र्याच्या कातडीस मानवत नाहीं. गुरांचें औषध अंदाजानें कुत्र्यास देऊं नये. गोचिडांवरचें एक प्रचलित औषध कॉली जातीच्या कुत्र्यांत प्राणघातक ठरतें, आणि कुत्र्यांस चालणारी कांहीं औषधें मांजरास मारतात. आजार हटेना तर अकोल्यास पशुवैद्यकाची पदव्युत्तर संस्था आहे. अंतर फार नाहीं.

करंजास आम्ही दोष देत नाहीं, चरकास तर नाहींच. दोष आमच्या घाईचा. जें बोलूं शकत नाहीं त्याच्या अंगावर आम्हीं आपल्या पांडित्याचे प्रयोग केले, आणि ते फसल्यावर शिक्षा मात्र त्याला द्यावयास निघालों होतों.

मोत्याच्या अंगावर आतां दाट केस आले आहेत. रात्रीं तो पुन्हां आमच्या पायांशीं झोंपतो. परंतु हातांत वाटी दिसली, मग ती दुधाची कां असेना, कीं तो अजून उठून तुळशीवृंदावनामागें जाऊन बसतो. आम्ही वाटी खालीं ठेवून दूर होतों व वाट पाहतों.