मिस्सा सुटल्यावर

रविवारची मिस्सा सुटली की सरळ घरी येईल असं आमच्या वसईच्या घरात कोणी नव्हतं. चर्चच्या आवारात एकीकडे लाल लुगडी, दुसरीकडे पुरुष, आणि भुकेने कुरकुरणारी आम्ही सहा चुलत भावंडं मधल्या मध्ये. 1988 साली हरित वसई संरक्षण समिती निघाली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे झाले, तेव्हापासून तर हे उभं राहणं फारच लांबलं. बोलणं पाण्यावर आलं की कुणाचा पाय निघत नसे.

पाणी टँकरने चाललं होतं. वाडीतल्या विहिरींना मोटरी लावून उपसायचं, नव्या इमारतींना विकायचं. समुद्र हाकेच्या अंतरावर; गोडं पाणी खाली गेलं की खारं आत शिरणारच. आजीला हे कुणी शिकवावं लागलं नाही. रोज सकाळी ती ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, जिभेवर घोळवायची आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, कडेला थुंकायची. एके दिवशी थुंकल्यावर पदराने तोंड न पुसता ती नुसतीच उभी राहिली. पुढे राजेळी केळीची पानं कडेने करपू लागली तेव्हा आम्हाला त्याचा अर्थ लागला.

आता खरं सांगायचं, तर टँकर भरून देणाऱ्यांत आमचा धाकटा काकाही होता. जेवताना त्याला कोणी शब्दाने दुखवलं नाही. आजी मात्र रात्रीच्या जपमाळेनंतर विहिरीसाठी म्हणून एक 'आमच्या बापा' जास्तीची म्हणायला लावायची, तीही काकालाच. महिनाभराने त्याने मोटर काढून माळ्यावर टाकली.

धर्मगुरूंनी वेदीपाशी राहावं, असल्या भानगडीत पडू नये, असं म्हणणारे गावातच होते, आणि ते सगळेच काही टँकरवाल्यांचे मिंधे नव्हते. काहींना मनापासून तसं वाटे. पप्पांशी त्यांचे वाद रंगत. पप्पांचं बालपण लॅटिन मिस्सेत गेलेलं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) ती मराठीत आली. ते म्हणायचे, "लॅटिन होतं तोवर नुसतं आमेन म्हणून सुटत होतो. आता कळतंय, तर वागायलाही लागणार." फादर 1983 पासून 'सुवार्ता' मासिकाचे संपादक होते. अंक आला की पप्पा ओट्यावर मोठ्याने वाचायचे, म्हणजे शेजाऱ्याला पैसे न भरता ऐकू येई.

तहसील कचेरीवर मोर्चा निघाला तेव्हा आजी चपला पिशवीत घालून अनवाणी चालली. झिजू नयेत म्हणून. मनगटाला जपमाळेचे दोन वेढे. एक पोलीस म्हणाला, "आजी, उन्हाचं कशाला, घरी जा."

"घरी पाणी नाही म्हणून तर आले."

2009 साली महानगरपालिका झाली आणि 'गावं वगळा' म्हणत तेच आवार पुन्हा भरलं. तोवर आजी नव्हती. काका पहिल्या रांगेत होता.

2024 च्या जुलैत फादर गेले, तेव्हा आम्ही सहाही जण बऱ्याच वर्षांनी गावी एकत्र आलो. रात्री जेवणं झाल्यावर धाकटीने विचारलं, आपल्या विहिरीचं पाणी आता कसं लागतं? कुणालाच सांगता येईना. घरात नळ आलाय. मग बॅटरी घेऊन पावसातच सगळे मागे गेलो. थोरल्याने बादली सोडली, ओंजळ भरून तोंडात घेतली. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. तो थुंकला नाही, पण पटकन गिळलंही नाही.