आप्पांच्या ताटातला तांबडा

आप्पा पंगतीतून उठले, तो व्हिडिओ कुणीतरी भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेल्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यात माझ्या सख्ख्या भावाचाही एक चेहरा होता. साखरपुडा होऊन आता बरेच दिवस झाले, तरी ते चेहरे माझ्या डोक्यातून जात नाहीत. ऐंशीच्या घरातला माणूस भरल्या मांडवातून उपाशी उठला, यात हसण्यासारखं काय होतं, ते मला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही.

मागचं थोडक्यात सांगते. माझी भाची बंगळुरूला नोकरी करते आणि व्हिगन आहे. म्हणजे मटण-मासे-अंडी नाहीतच, पण दूध, दही, तूप, मधसुद्धा नाही. होणारा नवराही तसलाच. साखरपुडा कोल्हापुरात, पण जेवण शंभर टक्के व्हिगन, ही तिची अट. आता आमचं गाव कसलं? २०१९ च्या शेवटी मटणाचे दर वाढले म्हणून इथं आंदोलन झालं होतं. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून घेऊन उभ्या उभ्या दूध पिणारी ही माणसं. तिनं नेमक्या ह्या दोन गोष्टी सोडलेल्या. दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला, पाहुण्यांना बोलवायचं आणि तांबडा-पांढरा नाही, तर तोंड कुठं दाखवू? शेवटी तोड निघाली ती अशी, की पुण्याकडचा एक केटरर बोलवायचा, तो मटणाशिवाय मटण करतो म्हणे. त्यानं फोनवर छाती ठोकून सांगितलं, "काका, ओळखूच येणार नाही." दादा खूश. पुढचा सगळा घोळ त्या एका वाक्यात होता, पण तेव्हा कुणाच्या लक्षात येणार!

मला स्वयंपाकघराची हौस, म्हणून मी हॉलच्या मागे जाऊन बघून आले. बर्फात घट्ट झालेली पाकिटं होती, त्यावर हिरव्या रंगाचं पानासारखं व्ही अक्षर. २०२२ च्या नियमांनंतर व्हिगन पदार्थांवर ते चिन्ह येतं. आतले तुकडे बोटानं उकलून पाहिले तर खरंच रेशे सुटत होते. सोयाबीनचं तेल काढून उरलेलं पीठ भिजवून, उष्णता आणि दाब देत यंत्रातून ढकलतात, तेव्हा त्यातली प्रथिनं एका दिशेनं ओढली जातात आणि असे धागे बनतात. आपल्या किराणा दुकानातले सोया चंक्स याच घराण्यातले, पण ते कोरडे आणि भोकाभोकांचे. हे त्यांचे शिकून आलेले भाऊ. आचाऱ्यानं तुकडे आधी तेलात कडा लाल होईपर्यंत परतले, मग कांदा-लसूण मसाला, भाजलेलं खोबरं, तीळ, आणि वर बोटभर तर्री. वास तर असा सुटला, की बाहेर पार्किंगमधले ड्रायव्हर आत डोकावले.

खरं सांगते, पहिला घास मलाही फसवून गेला. दुसऱ्या घासाला मात्र कळायला लागलं. मटण चावताना त्यातून काहीतरी सुटत राहतं, चरबी म्हणा, रस म्हणा. इथं जो काही रस्सा आत शिरला होता तो पहिल्या चाव्यातच बाहेर आला आणि मग उरला तो नुसता चावण्याचा व्यायाम. हाड नाही. नळी नाही. कोल्हापुरात नळी ओढली नाही तर जेवण झालं असं म्हणतच नाहीत.

आणि पांढरा तर पार फसला. तांबड्याला मसाल्याचा आडोसा असतो, त्या आडोशाला काहीही लपतं. पांढऱ्यात लपायला जागाच नाही. तो मुळात मटणाचं अळणी पाणी, त्यात नारळाचं दूध, खसखस, काजू, वर आख्ख्या मसाल्याची फोडणी. अळणी काढून घेतलं की खाली राहतं ते काजू-नारळाचं गोडूस पाणी. केटररनं त्यात मशरूमचा अर्क घातला होता. खोली थोडी आली, पण ती वेगळ्याच गावची. त्यापेक्षा शेजारच्या पिंपातली सोलकढी बरी. नारळ, आमसूल, लसूण, कोथिंबीर, एवढंच. कुणाची नक्कल नाही. लोक तिच्याच वाट्यांवर वाट्या रिचवत होते.

आता गंमत बघा. एकच पदार्थ, एकच पातेलं. माझ्या मामेभावानं चार तुकडे खाल्ले आणि म्हणाला, "चावायला सोयाबीन, गिळायला सोयाबीन, मटण नुसतं बोर्डावर." दादाचा नातू पाकिटातले नगेट्स खाऊन वाढलेला. त्यानं तीनदा मागून घेतलं, कारण हाड नसलेलं, सगळीकडं सारखं लागणारं मांस हेच त्याच्या लेखी खरं मांस. आमच्या शेजारच्या जैन वहिनींनी ताटाकडं पाहिलं आणि त्यांना उमासाच आला. जन्मात न खाल्लेल्या वस्तूची हुबेहूब नक्कल कशाला खायची, हा त्यांचा प्रश्न. बरं, बाकीचं खावं तर आमटीलाही लसणीची फोडणी. व्हिगन म्हणजे सगळ्यांना चालणारं, असं दादा सगळ्यांना सांगत सुटला होता आणि ह्या बाई भात-लिंबू खाऊन घरी गेल्या. आणि नवरी? तिनं ते मटण तोंडातही घातलं नाही! "आत्या, मला आता तो वासच सहन होत नाही. ते तुमच्यासाठी ठेवलंय."

आप्पा पहिल्या पंगतीत होते. आप्पा म्हणजे माझे चुलते. गळ्यात तुळशीची माळ. चाळिशी उलटल्यावर एका कार्तिकी वारीला आळंदीला गेले आणि माळ घालूनच परत आले. का, ते कधी कुणाला सांगितलं नाही. त्याआधीचे आप्पा वेगळे. जत्रेत भावकीच्या मटणाचा हंडा त्यांच्याच हाती असायचा. झाकण न काढता, वाफेच्या वासावरून बकरं आहे का मेंढी ते सांगायचे. चुलीतली लाकडं मागं ओढायची वेळ त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे. असा माणूस एका दिवसात मटण सोडतो, आणि पुढं त्याच जत्रेत हंड्यापासून लांब, देवळाच्या पायरीवर बसून दशम्या आणि चटणी खातो. मी लहानपणापासून ते बघितलंय. घरच्या पोरांना ते माहीत नाही, किंवा माहीत असून त्याचं काही वाटत नाही.

वाढपी पोरगा आला. आप्पांनी हात आडवा धरून विचारलं, "काय हाय रं ह्ये?" तो म्हणाला, "घ्या की आजोबा, व्हेजच आहे." खोटं नाही बोलला बिचारा. पाकिटावर चिन्ह होतं, काउंटरवर बोर्ड होता, त्यावर मोठ्या अक्षरात "मटण" आणि आधी बारीक "व्हिगन". पण ताटात वाढल्यावर पाकीट कुठं राहतं, आणि बसल्या पंगतीत बोर्ड कोण वाचतो? आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, रश्श्यात बुडवला, एक फोड उचलली. मी समोरच्या रांगेत होते. त्यांनी दोनदा चावलं. मग चावायचे थांबले. तोंड बंद, डोळे ताटावर, डावा हात माळेवर गेला. मग हळूच रुमाल काढून घास त्यात घेतला आणि उठले.

त्यानंतर जे झालं ते मला बोचतं. एकानं हाक मारली, "आप्पा, सोयाबीन हाय ते, बसा की!" दुसरा म्हणाला, "सोयाबीननं माळ बाटली बघा." हशा पिकला. एका पोरानं मोबाईल काढला. आप्पा हात धुवायला गेले, तर तो मागोमाग गेला आणि त्यांनी पाच-सहा चुळा भरल्या, त्याही टिपल्या. केटरर कमरेवर हात ठेवून हसत होता, वर म्हणतो, "बघा काका, म्हटलं नव्हतं, ओळखू येणार नाही!" त्याला ती शाबासकी वाटली. हातात माईक असता तर त्यानं तिथंच जाहिरात केली असती. दादानं तरी उठावं की नाही? घरचा कर्ता, यजमान. तो पाहुण्यांना आग्रह करण्यात गुंतलेला. माझा आवाज चढला तेव्हा मलाच गप्प बसवलं, "पाहुण्यांसमोर तमाशा नको." तमाशा मी केला होता का? एका म्हाताऱ्या माणसाला फसवून वाढायचं, तो उठला की हसायचं, आणि मग भर समारंभात शोभा कुणी केली म्हणून बोट बाईकडं दाखवायचं. ही आमची जुनी रीत आहे, त्यात व्हिगन काही नाही.

भाचीचं म्हणणं संध्याकाळी ऐकलं. तिला मनापासून कळत नव्हतं. "कुणाचा जीव गेला नाही ना आत्या, मग आजोबांना त्रास कशाचा?" तिच्या बाजूनं ती बरोबरच आहे. तिचं सोडणं जनावरासाठी. दुधाबद्दल ती बोलते तेव्हा मला वाद घालता येत नाही, कारण आमच्या गोठ्यात म्हैस व्याली आणि रेडा झाला तर त्याच्या वाट्याला किती दूध यायचं, आणि तो किती दिवस टिकायचा, हे मी पाहिलेलं आहे. पण आप्पांचं सोडणं नुसतं जनावरासाठी नव्हतं. मी रात्री त्यांच्याकडं पिठलं-भाकरी घेऊन गेले. वर तेलाची धार, बरोबर ठेचा. ते जेवण शंभर टक्के व्हिगन होतं, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. त्यांनी पोटभर खाल्लं. मग आपणहून म्हणाले, "चव बरुबर हुती गं. तितंच घोळ झाला. जिभंला काय कळतंय सोयाबीन का बकरं? तिला आपलं जुनं घर दिसलं, ती सरळ आत शिरली." आणि जरा थांबून, "आनि मला बरं वाटलं. त्येचा राग आला."

मामेभावाला जे मटण वाटलंच नाही, ते आप्पांना इतकं मटण वाटलं, की तीस-पस्तीस वर्षांची माळ त्यांना हातानं चाचपून बघावी लागली.

दुसऱ्या दिवशी चहाचा प्रयोग झाला. भाचीनं ओटचं दूध आणलं होतं. खोक्यावर दूध असं लिहिलेलं नव्हतं, ड्रिंक लिहिलं होतं. २०२१ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं वनस्पतींच्या पेयांना दूध म्हणायला हरकत घेतली, त्याचा हा परिणाम. तिनं चहा उकळला तो आपल्या पद्धतीनं, पण साखर न घालताही किंचित गोड लागला. ओट्सचा पिष्टमय भाग एन्झाइम घालून फोडतात, त्यातून साखर तयार होते, म्हणून ही गोडी. आणि तुरटपणा मात्र जिभेवर तसाच राहिला, कारण खऱ्या दुधातलं केसीन चहाच्या टॅनिनला धरून ठेवतं, तो गडी इथं नाही. सोयाचं दूध होतं ते उकळत्या चहात फाटलं. दादानं कप तसाच बाजूला सारला. पण विहीणबाईंनी दोन कप घेतले. त्यांना दुधानं पोट फुगतं, कित्येक वर्षं कोऱ्या चहावर काढलेली. त्यांना ते अमृत. मग चव कुणाची खरी धरायची?

मला विचाराल, तर ज्यांना हे जेवण करायचं त्यांनी नकलेच्या नादी लागू नये. आपल्याकडं मटकीची उसळ आहे, भरली वांगी आहेत, कोवळ्या फणसाची भाजी आहे. बंगाली लोक तर कच्च्या फणसाला झाडावरचं बोकड म्हणतात आणि तसाच मसाला घालून खातात. फणस निदान फणस म्हणूनच ताटात येतो. आणि नक्कल करायचीच असेल तर वाढप्यानं तोंडानं सांगावं, बोर्डावर सोडू नये. माळकरी असेल, जैन असेल, कुणाला सोयाबीनची अॅलर्जी असेल. पंगतीत बसलेल्या माणसाला आपण काय खातोय हे घास घेण्याआधी कळायलाच हवं. यात तडजोड नाही.

एवढं बोलून झाल्यावर हेही सांगते. आमच्या ह्यांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून मी खिम्यात निम्मा सोयाबीनचा चुरा मिसळते. गरम पाण्यात भिजवून, दोनदा घट्ट पिळून, म्हणजे तो कच्चट वास जातो. मग आलं-लसूण सढळ हातानं. ह्यांना काही सांगितलेलं नाही आणि सांगायचा विचारही नाही. त्यांनी कुठं काय सोडलंय? मात्र परवा ताट चाटून पुसून म्हणाले, "ह्या खाटकाकडचा खिमा लई भारी, दुसरीकडं जाऊ नकोस." भाचीला फोनवर सांगितलं तर ती खिदळली, "आत्या, निम्मं बकरं वाचवलंस की!" दादाला मात्र सांगू नकोस, असं मी तिला बजावून ठेवलंय. लग्नाच्या जेवणाचं अजून ठरायचंय, आणि तो केटररचा नंबर अजून त्याच्या मोबाईलमध्ये आहे.