पाठीवरचा खो

खोखोचा खेळ पाहणाऱ्याच्या डोळ्यांना हटकून चकवतो. मैदानावर तीन मुली पळत असतात, चौथी त्यांच्या पाठीस लागलेली असते, आणि सारे प्रेक्षक त्या चौघींच्या मागे माना फिरवीत असतात. परंतु मधल्या पट्टीवर, आठ चौकांत, एकीचे तोंड पूर्वेस तर शेजारणीचे पश्चिमेस, अशा ज्या आठ मुली उकिडव्या बसलेल्या असतात, त्यांच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. वास्तविक सारा खेळ त्यांच्या जिवावर चाललेला असतो. निम्मा खेळ त्यांच्या पाठीमागे घडतो. तो त्यांना दिसत नाही, नुसता ऐकू येतो. ज्या क्षणी पाठीवर हात पडून 'खो' हा शब्द कानी येईल, त्या क्षणी त्यांना बाणासारखे सुटायचे असते. क्षणभर आधी उठणे हा अपराध, आणि क्षणभर उशिरा उठणे ही हार.

हे सारे मला गेल्या वर्षापर्यंत ठाऊक नव्हते. मी जळगावच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते, आणि शब्दांखेरीज दुसऱ्या कशाचा पाठलाग मी जन्मात केलेला नाही. पण मुलींचा संघ बाहेरगावी जायचा म्हणजे त्याच्यासोबत एक बाईमाणूस हवे, असा दंडक आहे. आणि ज्या प्राध्यापिकेच्या घरी तान्हे मूल नाही, अंथरुणास खिळलेली सासू नाही आणि 'नाही' म्हणण्याची सवयही नाही, तिच्याकडे हे काम पाण्यासारखे उताराने वाहत येते. अशा रीतीने संघाची व्यवस्थापक या भारदस्त नावाखाली बारा मुलींची चिंधी-बॅन्डेजे, लिंबे आणि ओळखपत्रे सांभाळण्याचा मान मला मिळाला, आणि एक सबंध हंगाम मी त्यांच्या मागोमाग हिंडले.

हंगाम सुरू होतो तो पावसात. आमच्याकडची माती काळी, कपाशीची. ती भिजली की पायांना धरून ठेवते आणि सुकली की भेगाळते. ऑगस्टात मुली मैदानावर उतरत त्या वेळी पहिले काम असे ते साचलेले पाणी काढून देण्याचे. मग सर फक्की घेऊन रेषा आखीत, आणि संध्याकाळच्या सरीत त्या रेषा पुसून गेल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या मुली बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या. सन २०२३ पासून स्त्रियांना एस.टी.चे अर्धेच तिकीट पडू लागले, या गोष्टीचा आमच्या संघाला किती आधार झाला हे त्या योजनेच्या कर्त्यांच्या स्वप्नातही नसेल! मात्र अर्ध्या तिकिटाची गाडीही शेवटची म्हणून एक असतेच. ती सुटण्यापूर्वी सराव आटोपावा लागे.

सरांनी मला नियम समजावून सांगितले, आणि त्यांतल्या एका नियमाने माझे मन धरून ठेवले. पळणाऱ्या मुलीला मैदान मोकळे आहे. ती बसलेल्यांच्या मधून, अलीकडून, पलीकडून, वाटेल तशी वळते. पाठलाग करणारीला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही, आणि खो मिळाल्यावर उजवी किंवा डावी अशी जी दिशा ती एकदा घेईल, ती तिला सोडता येत नाही. मागे वळणे नाही. खांबापलीकडे गेली तरच तिला पुन्हा हवे तसे फिरण्याची मोकळीक. नाही तर दुसरीच्या पाठीवर खो देऊन तिच्या जागी आपण बसायचे. पण ती दिशा घ्यावयाची कोणती, हे मात्र तिचे तिनेच ठरवायचे. सर बाहेरून ओरडून सांगतील तोवर तो क्षण निघून गेलेला असतो.

हा खेळ महाराष्ट्रात किती जुना असेल तो असो. त्याला लिखित नियमांची शिस्त लावली ती पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने, १९१४ च्या सुमारास. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० साली विजयवाड्यास झाली आणि स्त्रियांची पुढच्याच वर्षी कोल्हापुरास. इतर कितीतरी खेळांत बायकांना पुरुषांच्या मागून तपेच्या तपे वाट पाहावी लागली. येथे एकाच वर्षाचे अंतर पडले. कारण उघड आहे. या खेळाला ना बॅट लागते ना जाळे. दोन खांब आणि मूठभर फक्की असली की झाले. जो खेळ फुकट आहे तो मुलींच्या वाट्याला लवकर येतो!

विभागातील सामने आमच्या मुलींनी जिंकले. त्यानंतर धुळ्यास आंतरविभागीय सामने व्हायचे होते, आणि नेमक्या त्याच सुमारास खानदेशात कापूस फुटला. शहरातल्या वाचकांना यात अडचण कसली हे चटकन कळावयाचे नाही. ऑक्टोबर लागला की शेते पांढरी होतात, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, आणि एखादा अवकाळी पाऊस आला तर वर्षाचे पीक बोंडातच काळे पडते. अशा वेळी घरातली धडधाकट पोर मैदानावर पळापळ करते, ही गोष्ट कोणत्या शेतकऱ्याला रुचेल? आमच्या संघातली उत्तम पाठलाग करणारी मुलगी धरणगाव तालुक्यातली होती. ती तीन दिवस आली नाही, तेव्हा चौथ्या दिवशी सर आणि मी तिच्या घरी गेलो.

घरच्यांनी चहा दिला, आदर केला. वडील अबोल होते. बोलल्या त्या आजी, ओट्यावर बसून, शेंगा सोलता सोलता: "पोर खेयस ते कापूस कोन येची?" पोर खेळते, तर कापूस कोण वेचील? या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. स्त्रीशिक्षण, व्यक्तिविकास, आत्मविश्वास असे जे शब्द मी वर्गात सहज वापरते ते सारे त्या ओट्यापाशी पोचेपर्यंत हलके होऊन गेले. आजींचा प्रश्न खरा होता. त्याला खरेच उत्तर हवे होते.

ते उत्तर मुलींनीच काढले. पुढच्या रविवारी संघातल्या बाकीच्या अकरा जणी सकाळच्या गाडीने त्या गावी उतरल्या, ओच्यात कापूस घेण्यासाठी कमरेला फडकी बांधली, आणि सरीत शिरल्या. मीही गेले. कपाशीचे बोंड दिसते मऊ, पण त्याच्या वाळलेल्या पाकळ्यांची टोके नखांच्या मुळाशी सुईसारखी टोचतात. तासाभरात माझी बोटे हुळहुळू लागली आणि कंबर बोलू लागली. मुली मात्र वाकलेल्या त्या वाकलेल्याच, आणि एकीची सरी मागे पडली की दुसरी ओरडे, "पय व, पय!" संध्याकाळी कापसाचे गाठोडे बांधून झाले तेव्हा आजींनी त्या अकरा जणींना कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला, आणि धुळ्याचे नाव कोणी काढले नाही, तरी मंगळवारी ती मुलगी पिशवी घेऊन स्थानकावर हजर होती.

जळगावाहून धुळ्याचा रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा असा जातो. बांभोरीपाशी गिरणेचा पूल लागतो आणि जवळच विद्यापीठ दिसते. १९९० साली ते स्थापन झाले, आणि २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. ज्या बाईला अक्षरओळख नव्हती, जिने शेतात आणि जात्यावर ओव्या रचल्या, तिचे नाव विद्यापीठाला. आणि त्या विद्यापीठाच्या संघात निवड व्हावी, ते नाव आपल्या पाठीवर छापलेले असावे, ही आमच्या मुलींची सर्वांत मोठी महत्त्वाकांक्षा. पूल ओलांडताना त्या क्षणभर गप्प झाल्या, मग पुन्हा गाण्यांना ऊत आला. धुळ्यास गेल्यावर राजवाडे संशोधन मंडळात एक फेरी मारावी, जुन्या पोथ्या पाहाव्या, असा माझा मनातला बेत होता. तो मनातच राहिला. दोन्ही दिवस मी लिंबे कापीत होते.

अखेरच्या सामन्यात शेवटची पाळी आमची पाठलागाची होती. एक मिनिट उरले असता बरोबरीस एक गुण हवा होता, आणि समोर त्यांची सर्वांत चपळ खेळाडू एकटी पळत होती. खो मिळत गेले, मुली उठत गेल्या, बसत गेल्या. मग धरणगावकडच्या आमच्या मुलीच्या पाठीवर हात पडला. ती उठली ती डावीकडे. पळणारीने खांद्याची हुलकावणी दिली आणि ती उजवीकडून पट्टीतून निसटली. आमच्या मुलीने सूर मारला, पण तो कोरड्या मातीवर पडला. शिटी वाजली. एका गुणाने आम्ही हरलो.

रडारड झाली, ती कोठे होत नाही? ती मुलगी मात्र रडली नाही. कोपर खरचटले होते, मी औषध लावीत होते. मी म्हटले, "अगं, नशीब म्हणायचं." ती शांतपणे म्हणाली, "नाही मॅडम. दिशा मी घेतली होती."

ते वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवीत आहे. आमच्या घरांतून मुलींच्या आयुष्यातील दिशा दुसरेच कोणी घेत असते. शाळा कोणती, विषय कोणता, स्थळ कोणते, हे सारे ठरते ते तिच्या पाठीमागे. तिला फक्त उठायचे असते. चुकले तर नशीब, साधले तरी नशीब. ज्या निवडीत आपला हात नाही तिच्या चुकीचा भारही आपल्यावर नाही, ही एक प्रकारची सोयच आहे म्हणा ना! पण या मुलीने ती सोय नाकारली. चूक आपली म्हणण्यात तिला कमीपणा वाटला नाही, कारण ती चूक म्हणजे तिच्या मालकीची वस्तू होती.

खेळून पुढे मिळायचे काय, असे विचारणारे सज्जन भेटतात, आणि मी त्यांना मोठी नावे सांगू शकते. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिला विश्वचषक भरला, त्यात प्रियांका इंगळे हिच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० असे हरवून तो जिंकला. पण ही उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा असतात, परंतु त्यांना वरच्या पातळीवरील पदके लागतात. धुळ्यास एका गुणाने हरणाऱ्यांसाठी त्या नाहीत. आमच्या बारा जणींपैकी विद्यापीठाच्या संघात एकही गेली नाही. हंगाम डिसेंबरापूर्वीच आटोपला, आणि त्यांतल्या पाच जणी तिसऱ्या वर्षाच्या असल्यामुळे त्यांचा खेळही बहुधा तेथेच आटोपला.

दिवाळीनंतर त्या मुलीला पाहायला पाहुणे आले होते. त्यांच्यादेखत ती काही बोलली नाही. ते गेल्यावर तिने वडिलांना सांगितले की आधी पोलीस भरतीला बसणार, मग दुसरे काय ते. वडील 'हो' म्हणाले नाहीत, 'नाही'ही म्हणाले नाहीत. आजींनी विचारले, भरतीत काय करावे लागते? ती म्हणाली, आठशे मीटर पळावे लागते, शंभर मीटर पळावे लागते आणि गोळा फेकावा लागतो. आजी म्हणाल्या म्हणे, पळणे तर तुला येतेच.

हे सारे खोखोमुळे झाले असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. कदाचित ती मुलगी मुळातच तशी असेल, आणि खेळाने तिला केवळ जागा दिली असेल. भरतीत तिचे काय होईल तेही आज कोणास सांगता येणार नाही. एका जागेमागे किती जणी पळतात हे सर्वांना ठाऊक आहे. इतके मात्र खरे की पहाटे गावाबाहेरच्या रस्त्यावर ती पळते, आणि अलीकडे तिच्या मागोमाग शेजारची नववीतली एक पोरगीही पळू लागली आहे.