बाहेर बसण्याचा सराव

संपादकांचा फोन गणपतीच्या आधी आला. "सर, प्रो कबड्डीनं खेळाचं नशीब कसं उघडलं, यावर लिहा. फक्त तांत्रिक नको, वाचक कंटाळतात." मी हो म्हणालो. त्यानंतर तालुका स्पर्धेत आमची सतरा वर्षांखालची मुलं पहिल्याच सामन्यात हरली आणि माझ्या डोक्यातलं नशीबबिशीब सगळं निघून गेलं. तेव्हा त्याबद्दल पुन्हा कधीतरी. यंदा सरावसामन्यांबद्दल लिहितो. ते तांत्रिक होणार, त्याला इलाज नाही.

शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा चढत जातात. आमच्याकडे तालुक्याला बाद पद्धत असते, म्हणजे हरलात की घरी. शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, सामने पावसाळा सरायच्या आत उरकतात. दोन महिने राबलेल्या पोराच्या वाट्याला खरा सामना कदाचित एकच येतो. त्याचं बाकी सगळं खेळणं सरावसामन्यांत होतं आणि नियमपुस्तकात सरावसामन्याचं पानच नाही. ते ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं लिहायचं.

त्यात आमचा पाऊस. जुलैत माकुणसारला मातीचं मैदान आणि भाताचं खाचर यांत फरक फक्त रोपांचा. चिखलात पकड शिकवली तर पोरांचे गुडघे जातात. म्हणून मिळेल त्या छपराखाली, उसन्या मॅटचे तुकडे जोडून खेळायचं. मुलं उड्या मारायला लागली की तुकडे सरकतात आणि मध्यरेषा वाकडी होते. १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रात कबड्डी दिन असतो. त्या आठवड्यात मी दरवर्षी दोन-तीन संघ बोलावतो. यंदा बोईसरकडचा एक संघ आला होता. एमआयडीसीत कामाला आलेल्यांची पोरं, निम्मी घरी हिंदी बोलणारी. ती 'रेड' म्हणतात, आमची 'चढाई' म्हणतात. पाच मिनिटांत दोन्हीकडची एकमेकांना शिव्या मात्र एकाच भाषेत देतात.

सामना सुरू झाला की भिंतीपाशी उभी असलेली मंडळी पहिला प्रश्न टाकतात, "गुण किती झाले?" सरावसामन्यात गुण लिहीत नाही म्हटलं की त्यांना वाटतं, म्हातारा हरतोय म्हणून लपवतोय. फलक लावला की काय होतं ते मी तीस वर्षं पाहतोय. शेवटच्या पाच मिनिटांत दोन्ही शिक्षक आपापले हुकमी सात जण आत घालतात आणि ज्यांच्यासाठी हे सगळं मांडलं ती आठव्या-नवव्या नंबरची पोरं पाण्याच्या बाटल्या धरून उभी राहतात. तो सामना असतो, सराव नव्हे.

अमेरिकेत असलेल्या माझ्या भाच्याचा मुलगा तिथल्या हायस्कुलात फुटबॉल खेळतो. (त्या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो, असो.) त्यांच्याकडे मोसमाआधी ऑगस्टात दोन शाळा एकत्र येतात. एका बाजूनं ठरावीक जागेवरून सलग दहा डाव खेळायचे, मग दुसरीनं दहा. शिक्षक मैदानातच, पोरांच्या मागे उभे. फोनवर तो हे सांगत होता आणि मला हसू येत होतं. सलग दहा चढाया एका संघाच्या, मग दहा दुसऱ्याच्या, शिक्षक लॉबीत उभा. हे मी विरार-डहाणू लोकल सुरू होण्याआधीपासून, शटलनं पोरं नेऊन करत आलोय. दुसरा प्रकार प्रसंगाचा: तीन मिनिटं उरली, आपण चार गुणांनी मागे, आत तिघेच, खेळा. हे दोन्ही बरे. पण माझा जीव तिसऱ्यात, आणि खरं भांडण तिथंच आहे.

आज जी कबड्डी टीव्हीवर दिसते ती 'संजीवनी'. गडी बाद झाला की बाहेर बसतो, आपल्या बाजूनं समोरचा एक बाद केला की बाहेरच्यांतला एक जिवंत होऊन आत येतो. तोही मनाला येईल तो नाही. ज्या क्रमानं बाहेर गेले त्याच क्रमानं. हुतूतूच्या दिवसांत आणखी दोन प्रकार होते. 'गामिनी'त गेला तो गेला, अख्खा संघ बाद होईपर्यंत परत नाही. आणि 'अमर'. अमरमध्ये गडी बाद झाला तरी आतच राहतो. समोरच्याला गुण मिळतो आणि खेळ पुढं चालू. स्पर्धांतून अमर कधीच गेली. मी मात्र सरावात ती जिवंत ठेवली. कारण साधं. वीस मिनिटांच्या डावात कच्चा पोरगा दुसऱ्याच मिनिटाला बाद होतो आणि पुढं बराच वेळ बसून काढतो. तो शिकणार कधी? अमरमध्ये तो आतच असतो, दहा वेळा चुकतो, अकराव्यांदा घोटा धरतो. आमच्या भागातले इतर शिक्षक मला यावरून हसतात. मी पण त्यांना हसत आलो.

त्यांचा एक आक्षेप खरा आहे, तो इथं मान्य करतो. बोनस गुण समोर किमान सहा जण असतानाच मिळतो. अमरमध्ये समोर कायम सातच, त्यामुळे बोनस कायम उघडा. पोरांना चटक लागते. प्रत्येक चढाईत निदान रेषेपलीकडं मीटरभर पाय टाकायचा, दुसरा उचलायचा आणि पळायचं. उलट समोर तिघे किंवा कमी उरले असताना त्यांनी पकड केली तर ती अव्वल पकड, एक गुण जादा. अमरमध्ये तिघे उरण्याची वेळच येत नाही. मी म्हणायचो, हे दोन दिवसांत शिकवून होतं.

आता तालुक्याचा तो सामना. आमच्या संघात एक चढाईपटू आहे, नाव लिहीत नाही, पाड्यावरून सायकलवर येतो, चवड्यावर असा चालतो की खालच्या मातीला कळू नये. त्याच्या जिवावर आम्ही पुढं होतो. तीन मिनिटं असताना त्यांच्या चढाईत तो बाद झाला आणि आघाडी चार गुणांवर आली. आत चौघे उरले, बाहेर तिघे, आणि परतीच्या रांगेत तो तिसरा. हिशेब सोपा होता. चढाई तीस सेकंदांची. तीन मिनिटांत सहा, त्यातल्या आमच्या तीन. दोन रिकाम्या काढायच्या, निदान रेषा ओलांडून परत यायचं. तिसरीत जे होईल ते.

चढाईला कोण जायचं यावर चौघं एकमेकांकडं बघायला लागले. जो गेला तो निदान रेषेपर्यंतच पोचला नाही, म्हणजे बाद. त्यांच्या चढाईत एकाला हात लागला. तेव्हा तिघे होते, पकडले असते तर दोन गुण. पण तिघेही मागं पळाले. दुसऱ्या चढाईला दुसरा गेला, लॉबीतून बाहेर पडला. शेवटचा कोपऱ्यात सापडला. अख्खा संघ बाद म्हणजे लोण, दोन गुण वर. चाराची आघाडी होती, दोनांनी मागं पडलो. मग सातही आत आले, तो पोरगाही आला, पण एका मिनिटात त्याच्याकडून काही झालं नाही. बाहेर बसून तो थंड पडला होता.

घरी येऊन सरावाची वही काढली. माझ्या लाडक्या अमर सामन्यांत निम्म्याहून जास्त चढाया त्या एकाच्याच होत्या. साहजिकच. तो कधी बाहेर बसतच नव्हता, मग दुसरं कोण जाईल? कच्च्यांना आत ठेवायला म्हणून मी जो प्रकार जपला, त्यात ते खरंच आत होते, नुसते उभे. तीस वर्षांत हे मला का दिसलं नाही? की दिसत होतं आणि दरवर्षी असा एखादा पोरगा हाताशी असल्यानं चालून जात होतं? प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ला सुरू झाली आणि १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. त्याआधी आम्ही ठाणे जिल्ह्याच्या तगड्या संघांशी खेळायचो. तेव्हाही अमरच खेळवत होतो, तेव्हाही हरत होतो, आणि दोष चिखलाला देत होतो.

अमर सोडलेली नाही, हट्ट म्हणा. पण दसऱ्यानंतर तीत एक बदल केलाय. पहिली आठ मिनिटं तो चढाईपटू बाहेर. स्टॉपवॉच त्याच्या हातात. त्याची आई शाळेपाशी थांबून विचारून गेली, "सर, पोरानं काय चूक केली?" मला नीट सांगता आलं नाही.

तालुक्याला निदान रेषेशीच अडकलेला तो पोरगा परवा दुपारी सरावात चढाईला गेला. बाकावरून चढाईपटू ओरडत होता, "पंधरा! वीस! अरे ओलांड!" पंचविसाला त्यानं रेषा ओलांडली आणि कुणालाही हात न लावता परत आला. भिंतीपाशी उभा असलेला एक जण म्हणाला, "काय उपयोग, गुण कुठं मिळाला?" मी वहीत लिहिलं: रिकामी, एक.